सगळ्यांचा ताप एकच

शाळेच्या गेटवर शिपाई धोंडिराममामा प्रत्येक मुलाच्या कपाळासमोर ताप मोजायची ती पांढरी बंदूक धरायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे.

"सत्त्याण्णव पॉइंट दोन. जा आत."

पुढच्या मुलीचंही तेवढंच. तिच्या मागच्या जुळ्या भावांचंही तेवढंच. प्रियंकाच्या मुलाचा, सम्यकचा नंबर आला तेव्हा तिने कान टवकारले. सत्त्याण्णव पॉइंट दोन. सम्यकने मागे वळून हातसुद्धा केला नाही, धावत आत गेला. पहिलीत असताना शिवलेली पॅन्ट तिसरीत जाताना त्याच्या घोट्याच्या वर आली होती. बाकीच्या आया हसत होत्या, एकदोघी डोळे पुसत होत्या. डिसेंबर अर्धा सरला होता आणि जवळजवळ दोन वर्षांनी मरोळच्या त्या शाळेचं गेट लहान मुलांसाठी उघडलं होतं.

"काय गं, तू का तोंड पाडून उभी?" किरणने विचारलं. किरणची मुलगी सम्यकच्याच वर्गात होती. दोघी एकाच गल्लीत राहायच्या.

"सगळ्यांचा ताप एकच कसा येतो?" प्रियंका म्हणाली.

"सगळी ठणठणीत आहेत म्हणून. चल, मला उशीर होतोय."

प्रियंका पहिल्यापासून अशी संशयी नव्हती. एप्रिलमध्ये तिचा धाकटा भाऊ भीमराज कोरोनाने दवाखान्यात होता. आत कुणाला सोडत नव्हते. रोज सकाळी फोन लावला की पलीकडून एक बाई सांगायची, पेशंट स्टेबल आहे. तो गेला त्या दिवशी सकाळीही त्या बाईने स्टेबलच सांगितलं होतं. तेव्हापासून कुणी 'सगळं ठीक आहे' म्हटलं की प्रियंका 'कुणी सांगितलं?' असं विचारायची. विशाल, तिचा नवरा, टेम्पो चालवायचा. तो म्हणायचा, "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं यार. दूधवाल्याचीपण चौकशी करतेस."

तरी तिने सम्यकला शाळेत पाठवलं होतं, कारण घरात काय चाललं होतं ते ती रोज बघत होती. ऑनलाइन वर्गासाठी घरात एकच फोन, तोही विशालबरोबर रस्त्यावर. विशाल परत येईपर्यंत वर्ग संपलेला असायचा. सम्यक आधी कुरकुरला, मग गप्प झाला. पुढे पुढे तो काही विचारलं तरी मानेनेच उत्तर द्यायला लागला. एकदा तिने त्याला दुकानाची पाटी वाचायला सांगितली, तर तो पाटीकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला. आजाराला घाबरायची त्यापेक्षाही त्या दिवशी ती जास्त घाबरली.

शाळा सुरू झाली आणि त्याचं तोंडही सुरू झालं. माधुरी टीचर असं म्हणाल्या, माधुरी टीचरनी गाणं शिकवलं, माधुरी टीचर म्हणाल्या की माझं अक्षर झकास आहे. जेवताना, अंघोळ करताना, झोपेपर्यंत तेच. कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावता लावता प्रियंकाला ते आठवायचं आणि हसू यायचं. मग गेटवरचा तो आकडा आठवायचा.

दुसऱ्या आठवड्यात सम्यक घरी आला आणि दप्तर टाकून म्हणाला, "माधुरी टीचर आज पण नाही आल्या."

"आज पण म्हणजे?"

"काल पण नव्हत्या. दुसऱ्याच टीचर आल्या. त्या नुसतं वहीत उतरवून घ्यायला सांगतात."

विशाल फोन घेऊन घरी आल्यावर प्रियंकाने पालकांचा ग्रुप उघडला. तिथे काहीच नव्हतं. तिने लिहायला घेतलं तर लिहिता येईना. ग्रुपवर आता फक्त शाळाच लिहू शकणार होती. तशी सेटिंग कुणीतरी कालच बदलली होती. तिने किरणला फोन लावला.

"अगं, टीचरच्या घरी लग्न आहे म्हणे," किरण म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"कोणीतरी म्हणालं. तू पण ना."

माधुरी टीचरचा फोन बंद येत होता. शाळेच्या ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला, "त्यांचं घरगुती काम आहे." लग्न म्हणणारे वेगळे, घरगुती काम म्हणणारे वेगळे. दोन माणसं एकाच गोष्टीची दोन कारणं देतात तेव्हा तिसरंच काहीतरी असतं, हे प्रियंकाला आता पाठ झालं होतं. त्या रात्री ती सम्यकच्या गालाला सारखी हात लावून बघत होती.

टीचर नाहूरला स्टेशनच्या जवळ राहतात एवढं तिला ठाऊक होतं. बिल्डिंगचं नाव सम्यकला माहीत होतं, कारण टीचरनी वर्गात 'माझे घर' हा निबंध घेताना स्वतःच्या घराचंही वर्णन केलं होतं. रविवारी विशालने टेम्पो काढला. रस्ताभर तो बडबडत होता.

"काय बोलणार तू त्यांना? टीचर, तुम्हाला काय झालंय ते दाखवा?"

"बघायला जातेय. बघणं गुन्हा आहे का?"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत टीचर कपडे वाळत घालत होत्या. प्रियंकाला खाली बघून त्या दचकल्या. पाठीमागे सरकल्या, आत गेल्या आणि थोड्या वेळाने तोंडावर मास्क बांधून परत आल्या.

"सम्यकची आई ना तुम्ही? वर येऊ नका," त्या गॅलरीतूनच म्हणाल्या. आवाज बसला होता. "मी पॉझिटिव्ह आहे."

प्रियंकाने गेटचा गज धरला. "कधीपासून?"

"मंगळवारी कळलं. आधी आईला झाला, मग मला. तुम्हाला शाळेने सांगितलं नाही?"

"नाही."

"मी त्याच दिवशी मोठ्या बाईंना कळवलं होतं." टीचर कठड्यावर वाकल्या. "मला वाटलं, त्या ग्रुपवर टाकतील."

"आणि फोन का बंद ठेवला?"

शेजारच्या गॅलरीतला एक माणूस ऐकत उभा होता. टीचरनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला सांगितलं होतं, पालकांशी सध्या बोलू नका म्हणून. सम्यक बरा आहे ना?"

"आजपर्यंत तरी," प्रियंका म्हणाली.

परत येताना पवईच्या सिग्नलला थांबल्यावर विशाल म्हणाला, "तुझं बरोबर होतं." तिला ते ऐकून अजिबात बरं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी गेटवर गर्दी होती. धोंडिराममामांचा चहा टपरीवाल्याने नुकताच आणून स्टुलावर ठेवला होता. काचेच्या ग्लासातून वाफ निघत होती. सम्यकच्या कपाळाला बंदूक लागली. सत्त्याण्णव पॉइंट दोन. प्रियंकाने सम्यकचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं.

"मामा, ती जरा माझ्याकडे द्या."

"अहो बाई, लाईन थांबली."

तिने त्यांच्या हातातून ती घेतली, चहाच्या ग्लासासमोर धरली आणि बटण दाबलं. मग आकडा किरणला दाखवला. किरणने वाचला आणि शेजारणीला दाखवला. मागे कुणीतरी फसकन हसलं. पण ते हसू लगेच विरलं. प्रियंकाने बंदूक सावलीतल्या भिंतीवर धरली. गेटच्या लोखंडावर धरली. सत्त्याण्णव पॉइंट दोन.

धोंडिराममामा खाली मान घालून म्हणाले, "मला जशी दिली तशी मी धरतो, बाई."

मोठ्या बाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. वय झालेल्या, काटकुळ्या मुख्याध्यापिका. टेबलावर सॅनिटायझरच्या बाटल्यांची रांग होती. त्या आधी मशीनबद्दल बोलल्या, बिघडलं असेल, आजच बदलू. प्रियंका म्हणाली, "मी काल नाहूरला जाऊन आले."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग तुम्हाला कळलंच आहे. बसा."

"माझं पोर त्यांच्यासमोर बसत होतं. तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा झाला असता. मग दुसरा वर्ग, मग सगळी शाळा. चौथीतली मुलं आलीत माझ्याकडे, त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही. दोन मुली आल्याच नाहीत, त्यांची गावाला लग्नं ठरवतायत असं ऐकते. मी कुणाकुणाला घाबरू, तुम्हीच सांगा."

"ते आम्हाला ठरवू द्यायचं होतं."

"तुम्ही मला सगळं सांगता का?" मोठ्या बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "गेल्या आठवड्यात एका मुलाने वर्गात उलटी केली. गुलाबी रंगाची, तापाच्या सिरपचा वास येत होता. त्याच्या आईला फोन केला तर म्हणाली, सकाळी ठीक होता. तुम्हाला शाळेवर संशय आहे. मला तुम्हा सगळ्यांवर आहे."

प्रियंका फक्त एवढंच म्हणाली की ग्रुप खुला करा आणि टीचरचं आजच कळवा, नाहीतर मी पोरं सुटायच्या वेळी गेटवर उभी राहून सांगेन. संध्याकाळी ग्रुप खुला झाला आणि त्यावर टीचरबद्दलचा मेसेज आला. मशीनही नवीन आलं. वर्गातली बरीच मुलं दुसऱ्या दिवशी आली नाहीत. तो दिवस सम्यकही घरीच होता. मग तो जेवेना, म्हणून तिने परत पाठवला.

पण मोठ्या बाईंचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. गेटवर उभी राहिली की ती आता मशीनकडे बघायची नाही, आयांकडे बघायची. हिचा मुलगा एवढा सुस्त का? ती मुलीच्या कानात काय सांगतेय? किरणच्या मुलीचे डोळे लाल दिसत होते, तेव्हा प्रियंका सरळ विचारणार होती. किरण तिची नजर चुकवून निघून गेली. कदाचित घाईत असेल. कदाचित नसेल.

त्याच आठवड्यात एका सकाळी सम्यकला उठवताना तिच्या हाताला चटका बसला. थर्मामीटर लावला तर ताप होता. फार नव्हता.

"रात्री पंखा चालू होता," विशाल म्हणाला. "थोडं सिरप दे, दुपारपर्यंत उतरेल. तुझी सुट्टी पण उरलेली नाही."

सम्यक उठून बसला. "मम्मी, आज माधुरी टीचर येणारेत. मला काही होत नाहीये. बघ, मी उड्या मारतो." आणि त्याने खरंच उडी मारली, मग खोकला.

सिरपची बाटली फळीवर होती. तिने ती खाली घेतली. झाकणात ओतलं, त्याला दिलं. एवढं दिलं की तासाभरात कपाळ गार होणार, नवीन मशीनलाही कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. सम्यकने स्वतःच बूट-मोजे घातले. ती त्याच्याकडे बघत राहिली. मोठ्या बाईंना आपण काय सुनावून आलो होतो, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

"बूट काढ," ती म्हणाली.

तो रडला, दाराला लाथ मारली, तिच्याशी बोलणार नाही म्हणाला. तिने फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: सम्यकला आज सकाळपासून ताप आहे. काल तो वर्गात होता. टेस्ट करायला नेते आहे.

विशालने ते वाचलं. "आता गल्ली आपल्याला वाळीत टाकेल."

"टाकू दे."

टेस्टच्या लाईनीत उन्हात उभं राहावं लागलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सम्यकचा ताप लवकरच उतरला, पण वर्ग बंद झाला आणि बोलणी प्रियंकाला बसली. समोरच्या मावशींनी तिच्याकडून उसनी कोथिंबीर न्यायचं बंद केलं. ग्रुपवर एका बापाने लिहिलं की ज्यांना एवढी भीती होती त्यांनीच आजार आणला. गोदामातल्या सुपरवायझरने टेस्ट केल्याशिवाय येऊ नकोस म्हणून सांगितलं. ज्या गोष्टीसाठी ती भांडली होती तीच तिच्या अंगावर आली होती, आणि एकदोनदा तिच्या मनात आलं, सिरप देऊन पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं.

तिसऱ्या दिवशी किरणचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, तिला एकटीला.

'माझ्या पोरीचं अंग सोमवारी गरम होतं. मी पाठवली. तुझ्या सम्यकच्या बाकावर बसते ती. कोणाला सांगू नको.'

प्रियंकाने तो पुन्हा पुन्हा वाचला. राग यायला हवा होता, आलाही. सम्यक बाजूला झोपला होता, त्याचा श्वास घरघरत होता. मग तिला वाटलं, किरणने हे लिहिलं तरी. न लिहिती तर कुणाला कळणार होतं? तिने उत्तर लिहिलं: 'मी नाही सांगणार. तू सांग.'

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर किरणचा दोन ओळींचा मेसेज आला. त्यानंतर आणखी एका आईचा. मग त्या बापाचाही, ज्याने प्रियंकाला सुनावलं होतं. त्याच्या मुलालाही ताप होऊन गेला होता.

जानेवारी लागला आणि शहरातल्या सगळ्याच शाळा पुन्हा बंद झाल्या. फोन पुन्हा टेम्पोत फिरायला लागला. यावेळी माधुरी टीचर संध्याकाळी, विशाल घरी आल्यावर, सम्यकला वेगळा फोन करायच्या आणि त्याच्याकडून वाचून घ्यायच्या. महिना संपायच्या आत शाळा परत उघडली.

काही दिवसांनी सकाळी सकाळीच शाळेचा मेसेज आला. चौथीतल्या दोन मुलांना ताप आहे, त्यांच्या वर्गाला सुट्टी दिली आहे, तिसरीचा वर्ग नेहमीप्रमाणे भरेल. खाली मोठ्या बाईंचं नाव होतं. पोळी तव्यावर टाकून प्रियंकाने तो वाचला. दोनच मुलं की जास्त? भावंडं तिसरीत असतील तर? तिने गॅस बारीक केला आणि माधुरी टीचरना फोन लावला.

"टीचर, दोनच आहेत ना?"

"दोनच. मी स्वतः त्यांच्या घरी बोलले." टीचर म्हणाल्या. "तुम्ही अजून कोणाला विचारणार आहात का?"

"किरणला," प्रियंका म्हणाली. "तिची भाची चौथीत आहे."

"विचारा," टीचर म्हणाल्या. "पण सम्यकला वेळेवर पाठवा. आज वाचन आहे."

प्रियंकाने किरणला फोन केला. तिनेही दोनच सांगितली. मग तिने पोळी उलटली. ती एका बाजूने करपली होती. तेवढी स्वतःला ठेवून तिने सम्यकच्या डब्यासाठी दुसरी लाटायला घेतली.