दुकानची वेळ

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळून जो बोळ आत जातो, त्यात तिसरं दुकान घड्याळांचं. पाटीवर नाव अजून इद्रिसमियाँचं आहे, पण इद्रिसमियाँना जाऊन अकरा वर्षं झाली. काउंटरमागे बसतात त्या त्यांच्या बायको, जाहेदाबी. वय एकाहत्तर. डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढी स्प्रिंग दिसते आणि भिंग काढलं की समोरचं गिऱ्हाईक दिसत नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

दुकानात भिंतीवर सतरा घड्याळं आहेत. सगळी एकच वेळ दाखवतात आणि सगळी पंचवीस मिनिटं पुढे आहेत. बोळातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक. कुणी वेळ विचारली तर जाहेदाबी भिंतीकडे बघून मनातल्या मनात पंचवीस वजा करतात आणि गावची वेळ सांगतात.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जाहेदाबींची धाकटी बहीण अतिका चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलाखतीला निघाली होती. कापडी पिशवीत दहावीची मार्कशीट, डब्यात दोन पोळ्या आणि आंब्याचं लोणचं. दुकानातलं मोठं घड्याळ बघून ती आरामात निघाली आणि स्टँडवर पोचली तेव्हा नवापूरची गाडी वळणावर धूळ उडवत होती. घड्याळ बारा मिनिटं मागे पडलेलं. घड्याळजीच्याच दुकानातलं! अतिका पुन्हा कधी मुलाखतीला गेली नाही. त्या संध्याकाळी इद्रिसमियाँ स्टुलावर चढले आणि त्यांनी सगळे काटे पंचवीस मिनिटं पुढे केले. "बारा मिनिटं चुकीची, बारा शरमेची आणि एक वर," म्हणाले. "या दुकानातून निघालेल्या पोरीची गाडी आता चुकायची नाही."

आता त्याच दुकानाच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी जुन्या घड्याळांच्या पेट्या असत, तिथे नात लायबाचं टेबल आहे. लायबा चोवीस वर्षांची. बाप इरफान सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, पोर आजीजवळ. ती मोबाइलची ॲप बनवते. टेबलावर पुण्याहून आणलेला जुना वापरलेला मॅक कॉम्प्युटर. तो आला तेव्हा लाइट गेली की तारीखच विसरायचा आणि कितीतरी वर्षं मागे जायचा. लायबा हैराण. जाहेदाबींनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाल्या, "आत सेल असेल याच्या. उघड." आणि खरंच होता, बटणाएवढा. गेल्या शुक्रवारी त्यांनी चिमट्याने तो काढला, ड्रॉवरमधून नवा शोधून बसवला. तेव्हापासून मॅकची आठवण पक्की झाली. जाहेदाबींनी बोळातल्या प्रत्येकाला ही गोष्ट दोनदा सांगितली होती.

आजचा दिवस मंगळवारचा आणि काम लायबाच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं. तापीकाठच्या एका गावातली उपसा सिंचन मंडळी. नदीवरून पाणी उचलायचं आणि केळीला, उसाला, कापसाला पाळीपाळीने द्यायचं. पाळीवरून वर्षानुवर्षं भांडणं. म्हणून ॲप हवं: आत्ता पाणी कोणाचं, यानंतर कोणाचं, हे ज्याच्या त्याच्या फोनवर दिसलं पाहिजे. साध्या फोनांवर लायबाचं ॲप आठ दिवस झाले चालत होतं. पण मंडळीचे चेअरमन चुनीलालभाई यांच्या हातात आयफोन. आणि चेअरमनच्या फोनवर जे उघडत नाही ते सभासद मंजूर कसे करणार?

सभा आज पाच वाजता, मंडळीच्या शहाद्यातल्याच ऑफिसात. नाशिकच्या एका कंपनीचा माणूसही बोलावला होता. पाचपर्यंत चुनीलालभाईंच्या फोनवर ॲप उघडलं तर काम लायबाचं, नाहीतर नाशिकचं. नाशिकला गेलं की लायबाने पुण्याच्या एका कंपनीत जायचं ठरलं होतं, दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या नोकरीवर. टेबल रिकामं होणार होतं. जाहेदाबी याबद्दल बोलत नव्हत्या, पण सकाळपासून एकच घड्याळ तीनदा पुसून झालं होतं.

"दादी, बिल्ड झालं," सकाळी लायबा ओरडली होती. आधी पडद्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग लागली होती. एक लायब्ररी म्हणजे आयता घेतलेला भाग जुना, एक नावच सापडत नव्हतं, एक भलत्याच फोल्डरात. तिने एकेक लाल ओळ उपटून काढली, जशी शेतातून गाजरगवताची काढतात. मग अर्काइव्ह, म्हणजे सगळं ॲप एका पेटीत बंद करून वर मोहोर मारायची. तेही झालं. आता ती पेटी आयफोनवाल्या कंपनीकडे पाठवायची. तिकडून चाचणीसाठी ती चुनीलालभाईंच्या फोनवर उतरणार. इथे गाडी अडली. पाठवली की परत. पाठवली की परत. कारण एकच: तुम्हाला परवानगी नाही.

"परवानगी नाही म्हणजे? पैसे भरले ना तू?"

"भरले दादी. चावी नवी केली, मोहोर नवी केली, पासवर्ड बदलला, मॅक बंद करून चालू केला. तरी दारातूनच हाकलतात."

"तुझ्या त्या ॲप तपासायच्या चाचण्या? एकेचाळीस होत्या ना?"

"चाळीस पास. ती एक भूतबाधा झालेली आहे." लायबाने कपाळाला हात लावला. "आत्ता पाळी कोणाची, ते सर्व्हर सांगतो आणि ॲपही सांगतं. दोघांचं एक निघालं पाहिजे. कधी निघतं, कधी ॲप भलत्याच पुढच्या शेतकऱ्याचं नाव देतं. परत चालवली की पास. तासाभराने परत नापास. मी ती बाजूला ठेवलीय. आधी पेटी जाऊ दे."

"कधी चालतं कधी बंद पडतं ना, ते घड्याळ सगळ्यात वाईट," जाहेदाबी म्हणाल्या. "पूर्ण बंद पडलेलं बरं. ते खोटं बोलत नाही."

दुपारी चुनीलालभाईंच्या मुलाचा, भूपेशचा फोन आला. लायबाने स्पीकरवर टाकला.

"काय मॅडम, जमतंय का? नाशिकचे साहेब आलेत. त्यांनी येताना टाय घातलाय, बघा."

"टाय घालून पाणी सोडणार आहेत का ते भूपेशदादा?"

"जीभ चालते तुमची. ॲप चालू द्या म्हणजे झालं." आणि फोन बंद.

लायबाने फोन उलटा ठेवला. पोरगी रडेल की काय असं जाहेदाबींना वाटलं, पण ती रडली नाही, नुसती नखं कुरतडत पडद्याकडे बघत राहिली. अतिकासुद्धा त्या दिवशी स्टँडवरून परत आली तेव्हा रडली नव्हती. डबा उघडून तिने त्या पोळ्या कोंबड्यांना घातल्या होत्या. जाहेदाबींना ते आठवलं आणि हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला.

तेवढ्यात दारात शांतीबाई आली. तापीकाठची गुजर शेतकरीण, नवरा गेलेला, दीड एकर केळी. हातात नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ.

"जाहेदाबी, हाई बंद पडनं व माय. आज मन्ही पाळी शे, पाच ते सात. आनि पाचलेच मीटिंग. घड्याळ नही तं तो लखन माले वेडी बनावस. व्हॉल्व उशिरा फिरावस आनि म्हणस, तुन्हा टाइम सरना."

लखन म्हणजे मंडळीचा व्हॉल्व फिरवणारा माणूस; पाणी उशिरा सोडायचं आणि वर तुझी वेळ संपली म्हणायचं, ही त्याची खोड. जाहेदाबींनी घड्याळ घेतलं, मागचं झाकण उघडलं.

"सेल बदलते. बस तू."

"ही तुन्ही नात ना? तोंड का पडेल शे तिन्हं?"

"तुमचंच ॲप जाईना झालंय, काकी," लायबा म्हणाली.

"म्हंजे मन्ही पाळी फोनवर दिसाव नही?" शांतीबाईचा चेहरा उतरला. "मी तं लखनले सांगी आयी, आजपासून तुन्हं राज सरनं!"

जाहेदाबींनी मान वळवली. "लायबा, मला एकदा नीट सांग. तुला दारात कोण अडवतं? कशावरून अडवतं?"

"दादी, आता वेळ नाहीये."

"गिऱ्हाईक म्हणालं घड्याळ बिघडलंय, तर तुझे आजोबा आधी उघडायचे नाहीत. आधी विचारायचे. कधीपासून, कुठे ठेवता, कोण हात लावतं. सांग."

लायबाने सुस्कारा टाकला. "तिकडे दारात पास दाखवावा लागतो. पास हा मॅक स्वतः बनवतो, दरवेळी नवा. त्यावर माझी सही, पास कितीला बनवला ती वेळ, आणि कितीला संपेल ती वेळ. वीस मिनिटंच चालतो. संपला की नवा."

"वेळ कोण घालतं त्यावर?"

"मॅकच. त्याच्या घड्याळातून."

जाहेदाबींचा हात शांतीबाईच्या घड्याळावर थांबला. शुक्रवार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. नवा सेल बसवला तेव्हा इंटरनेट गेलं होतं. लायबाने मॅकवर वेळेची चौकट उघडून दिली, आपोआप वेळ घेणं बंद केलं, आणि दुपारच्या, जोहरच्या नमाजासाठी आत जाता जाता म्हणाली होती, तेवढी वेळ लावा ना दादी. आणि त्यांनी मोठ्या अभिमानाने लावली होती. दुकानातल्या प्रत्येक घड्याळाला पंचेचाळीस वर्षं लावत आल्या तशीच, भिंतीकडे बघून, पंचवीस वजा न करता.

"लायबा," त्या हळू म्हणाल्या, "त्या पासवर वेळ कुठली? दुकानची की गावची?"

लायबा वळली. मॅकच्या कोपऱ्यातली वेळ तिने पाहिली. भिंतीवरची सतरा घड्याळं पाहिली. अगदी तीच वेळ, तीन वाजून अठ्ठावीस. चार दिवस ती दोन्हींकडे बघत होती आणि दोन्ही जुळत होती, म्हणून तिला कधी शंकाच आली नव्हती. मग तिने फोन सुलटा केला. तीन वाजून तीन.

"दादी!"

"मी लावली," जाहेदाबी म्हणाल्या. "चूक माझी आहे, बेटा. ते लोक म्हणत असतील, ही बाई पंचवीस मिनिटांनंतर लिहिलेला पास आत्ताच कसा दाखवते."

"आणि ती चाचणी! पाळीतली शेवटची पंचवीस मिनिटं ॲप पुढच्या पाळीत जातं!" लायबा खुर्चीतून उठली, बसली, परत उठली. "सर्व्हर गावच्या वेळेवर आणि ॲप दुकानच्या! भूतबाधा नाही, दादी, तुम्ही आहात!"

शांतीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "जाहेदाबी, तू तं लखनथून मोठी निंघनी!"

लायबाने वेळ परत इंटरनेटवर सोडली. कोपऱ्यातले आकडे एका झटक्यात मागे आले. आधी तिने चाचण्या लावल्या आणि तिघी पडद्यापुढे वाकून बघत राहिल्या. एकेक हिरवी खूण उमटत गेली. एकेचाळीस. पुन्हा लावल्या, एकेचाळीस. मग पेटी पाठवली. निळी पट्टी सरकली, अर्ध्यावर थबकली, सरकली, पूर्ण झाली. या वेळी दारातून कुणी हाकललं नाही.

"गेली," लायबा म्हणाली, आणि आजीच्या गळ्यात पडली तेव्हा आजीच्या कपाळावरचा चष्मा खाली पडून त्याची एक काडी तुटली. ती आजवर दोऱ्याने बांधलेली आहे.

पेटी तिकडे तपासून घ्यायला त्यांना तासभर लागला. साडेचारला लायबाच्या फोनवर निरोप आला आणि तिघी निघाल्या. पुढे लायबा, मागे शांतीबाई, मनगटावर चालू घड्याळ, आणि जाहेदाबी, ज्यांची भरदिवसा दुकान बंद करण्याची अकरा वर्षांत ही पहिलीच वेळ.

ऑफिसात तीसेक सभासद सतरंजीवर बसलेले. नाशिकचे टायवाले साहेब पंख्याखाली. चुनीलालभाई गादीवर, फोन मांडीवर.

"ये बेटा. आणलं का?"

"तुमच्या फोनवर आलंय काका. ते हिरवं थेंबाचं चित्र दाबा."

चुनीलालभाईंनी बोट लावलं. सगळे पुढे झुकले. ॲप उघडलं आणि मोठ्या अक्षरांत नाव आलं. चुनीलालभाईंनी मोठ्याने वाचलं, "आत्ता पाणी: शांतीबाई. पाच ते सात." भिंतीवर पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

"वा!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या वाजल्या. पण शांतीबाई उभी राहिली.

"भाऊ, लखनले फोन लावा. इचारा, पाणी कथं शे."

चुनीलालभाई हसले आणि फोन लावला, स्पीकरवर.

"लखन, आत्ता कोणाचा व्हॉल्व चालू आहे रे?"

"तुमचाच की, मालक!" लखन खुशीत ओरडला. "शांतीबाईचा टाइम मी साडेपाचला धरतो. तुमची केळी जरा भिजू द्या ना."

मग मागच्या रांगेतून जे हसू फुटलं ते गादीपर्यंत आलं. चुनीलालभाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, डोकं खाजवलं आणि फोनमध्ये म्हणाले, "लखन, फिरव. आत्ता फिरव. आणि तिची गेलेली पाच मिनिटं माझ्या पाळीतून घाल."

मग ते नाशिकच्या साहेबांकडे वळले. "साहेब, चहा घेऊन जा. ज्याने चेअरमनची चोरी पहिल्याच मिनिटाला पकडली, ते ॲप सोडून आम्ही दुसरं कुठं शोधायचं?"

हात वर करायला कुणाला सांगावं लागलं नाही. भूपेशनेही केला, आणि हळूच लायबाजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, टाय कुठून घेऊ तुमच्यासाठी?"

"माझ्या नावाची पाटी घ्या दादा. दुकानावर लावायची आहे."

परत येईपर्यंत सहा वाजत आले होते. जाहेदाबींनी शटर वर केलं. सतरा घड्याळं सहा वीस दाखवत होती. लायबाने स्टूल ओढलं.

"दादी, आता हे काटे मागे घ्यायचे का?"

जाहेदाबींनी भिंतीकडे पाहिलं. मोठ्या घड्याळाच्या काचेत स्टँडवरून सुटणारी एक गाडी दिसत होती, खिडकीतून हात हलवणारी एक पोरगी दिसत होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरींच्या गाड्या अजून सुटतात इथून. फक्त तुझ्या यंत्राला मी हात लावणार नाही. सेल गेला तरी."

"सेल गेला तर तुम्हीच बदलाल."

"सेल बदलेन," जाहेदाबी म्हणाल्या आणि दोऱ्याचं रीळ शोधायला लागल्या. "वेळ तू लाव."