तांब्याची नळी

गोपाळकृष्णाचे आजोबा भय्यासाहेबांच्या जहागीरदार घराण्याच्या पागेत नोकरीला होते, वडील मोटारखान्यात. तीन पिढ्यांत धन्यासमोर कुणी तोंड वर करून बोललं नव्हतं आणि घरात याचा कोण अभिमान! अभिमान कशाचा धरावा यालाही अक्कल लागते म्हणा.

पुढे संस्थान मध्यभारतात विलीन झालं, जहागिरीही गेली. गोपाळकृष्णाने फ्रीगंज पेठेत स्वतःचं गॅरेज टाकलं. देवास रोडवर मोटारींची शर्यत ठरली, तेव्हा भय्यासाहेबांनी आपली गाडी त्याच्याकडेच आणली. त्याने इंजिन खोललं, दोन कार्ब्युरेटर बसवले. राहिली पेट्रोलची नळी.

"तांब्याची टाक," भय्यासाहेब म्हणाले. "आणि उजव्या अंगाने घे. बॉनट उघडलं की चमकली पाहिजे. लोग देखते रह जाएं."

उजव्या अंगाला धुराचा पाइप होता, शर्यतीत लाल होईस्तोवर तापणारा. शिवाय तांबं सततच्या थरथरीने कडक होतं आणि नटापाशी तडकतं. नळी पोलादी हवी, डावीकडून चेसिसला क्लिपांनी बांधलेली. शेवटी वीतभर रबरी तुकडा हवा, म्हणजे इंजिन हललं तरी सांध्याला ताण बसत नाही. हे सगळं गोपाळकृष्णाला तोंडपाठ होतं. पण जीभ उचलेना.

"जसा हुकूम, सरकार," तो म्हणाला.

नळी त्याने फार सुरेख वळवली, चिंच लावून घासली. शर्यतीत भय्यासाहेब स्वतः गाडी चालवत होते. तिसऱ्या फेरीत नळी नटापाशी तडकली, तापल्या पाइपावर पेट्रोल सांडलं आणि गाडी पेटली. चार दिवस इस्पितळात काढून भय्यासाहेब गेले.

तेरावं झाल्यावर गोपाळकृष्ण माधव नगरला त्यांच्या पत्नीला, विजयाबाईंना भेटायला गेला.

"तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," विजयाबाईच आधी म्हणाल्या. "हट्टी होते ते. तुम्ही सांगितलं असेल, त्यांनी ऐकलं नसेल."

नुसती मान डोलावली असती तरी सुटला असता. पण त्याला रडू फुटलं.

"नाही बाईसाहेब. मी बोललोच नाही. मला ठाऊक होतं, तरी बोललो नाही."

विजयाबाईंनी आवाज चढवला नाही.

"त्या दिवशी सकाळी मी जाऊ नका म्हणत होते," त्या म्हणाल्या. "तर मला म्हणाले, घाबरतेस कशाला? काही कमीजास्त असतं, तर गोपाळकृष्ण बोलला असता."