टर्बोवरचा लाल ठिपका

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका; मी तापलेला असतो. मी एक जुना टर्बो आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी अस्सल आहे. कोणी तुम्हाला दुसरं काही सांगितलं असेल, तर त्या माणसाकडे एकदा नीट बघून घ्या.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. दिसायला मी मोठ्या गोगलगायीसारखा, पण गोगलगायीशी माझं नातं तेवढंच. माझ्या पोटात एकाच दांड्यावर दोन चाकं आहेत. इंजिनाचा गरम धूर एक चाक फिरवतो, मग दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त जोर. ज्या लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये मला बसवलं, ती माझ्यामुळे अशी पळायची की तिची सावली मागे पडायची, आणि आम्ही चहाला थांबलो की धापा टाकत येऊन पोचायची. वरूडच्या संत्राबागांजवळून जाताना एकदा मी इतकी हवा ओढली की मोर्शीपर्यंत आमच्या धुराला संत्र्याचा वास येत होता. मधमाश्या मागे लागल्या होत्या. खोटं वाटत असेल तर मधमाश्यांना विचारा.

गाडी जुनी झाल्यावर ती अमरावतीच्या शेखरने घेतली. दुरुस्तीला मात्र तो ती अकोल्याला न्यायचा, जहीरच्या गॅरेजात. शेखर आणि जहीर नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. एकाने दुसऱ्याचा डबा संपवायचा आणि दुसऱ्याने पहिल्याच्या आईकडे जाऊन जेवायचं, अशी दोस्ती. जहीर मला पुसायचा तेव्हा म्हणायचा, “असा माल आता बनत नाई.” मी फुगून जायचो. फुगणं हे माझं कामच आहे.

पण पुढे गाडीला एक खोड लागली. बडनेरा मागे पडलं, शेखरने पाय दाबला, की माझा दाब दाखवणारा काटा थेट लाल रेघेपलीकडे जायचा. इंजिन घाबरून पेट्रोल तोडायचं आणि गाडी गचका खायची.

असं होऊ नये म्हणून माझ्या अंगाला एक झडप आहे. दाब वाढला की तो एका बारीक रबरी पाइपातून एका डबीला कळतो. डबी दांडी ढकलते, झडप उघडते आणि जास्तीचा धूर बाजूने निघून जातो. म्हणजे कुठेतरी निरोप अडत होता. पण कुठे?

जहीरला डबीवर संशय. मला एअर फिल्टरवर. जो दिवसभर तोंडावर धूळ घेऊन गप्प बसतो, त्याचा काय भरवसा? शेखरची आई आशाबाई, त्यांना शेजारच्या सुंदराबाईच्या नजरेवर संशय, आणि ती नजर शनिवारीच जास्त लागते म्हणे, कारण गाडी शनिवारी हमखास बिघडायची आणि बुधवारी बरी चालायची. आणि शेखरला संशय होता जहीरवर.

त्याचं कारणही तसंच होतं. गॅरेजात गाडी शहाण्यासारखी वागायची. जहीर हातपंपाने पाइपात हवा भरायचा, की दांडी नमस्कार केल्यासारखी पुढे यायची. रस्त्यावर फिरवून आणली तरी ठीक. शेखर घेऊन निघाला, बोरगाव मंजू ओलांडलं, की गचका! त्यात कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं, जुन्या अस्सल टर्बोला फार मागणी आहे. तेव्हापासून शेखर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं दूधवाल्याच्या बादलीकडे बघतात. एके सकाळी त्याने बायकोचं, म्हणजे प्राजक्ताचं, नेलपॉलिश आणलं आणि माझ्या कुशीत एक लाल ठिपका लावला. जहीरने मला बदललं, तर कळावं म्हणून.

गाडी जहीरकडे जाऊन आली. ठिपका गायब.

पुढच्या शनिवारी शेखर आईला घेऊन अकोल्याला आला. गॅरेजात शिरताच त्याने बॉनेट उघडलं.

“माहा टर्बो कुठी हाय, जहीर?”

“समोर त हाय. डोये फुटले का बे?”

“हा माहा नाई. अस्सल कोनाले देला?”

जहीरच्या हातातला पाना हातातच राहिला. “शेखर, तू का बोलून राह्यला, तुले समजते का?”

“समजते म्हनूनच बोलतो. आज गाडी नेतो. यानंतर तू तुह्या घरी, मी माह्या.”

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की मी तोच आहे. पण मला फक्त शीळ घालता येते, तीही गाडी पळताना.

“ने,” जहीर म्हणाला. “पन पह्यले डोयानं पाह्य, का हा काम करते का नाई. मंग जाय.”

त्याने हातपंप आणला. पण आधी नेहमीसारखं एक काम केलं. आशाबाईंनी बांधलेलं लिंबू-मिरचीचं तोरण हलक्या हाताने सोडलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. गाडीचं नाक इतकं खाली की बाहेर बांधलेलं लिंबू गतिरोधकावर घासून जायचं. म्हणून आशाबाई ते बॉनेटच्या आत, हाताला येईल त्या रबरी पाइपाला बांधायच्या. दुसऱ्याच्या श्रद्धेला आपलं तेलकट बोट लागू नये, म्हणून जहीर कामाआधी ते काढायचा आणि काम झालं की होतं तसं बांधून द्यायचा.

त्याने पंप मारला. दांडी पुढे आली.

“पाह्यलं?”

“इथं चालतेच! बाहेर कावून नाई चालत?”

“भांडा मंग,” आशाबाई मध्ये घुसल्या. “आज शनवार हाय. मले माहं काम करू द्या.” आणि घरून आणलेलं, परसातल्या झाडाचं टपोरं लिंबू त्यांनी त्याच पाइपाला लटकवलं.

जहीरने रागारागात पुन्हा पंप मारला. दांडी हलली नाही. त्याने पुन्हा मारला. नाहीच.

“काकू, थे लिंबू उचला बरं.”

लिंबू उचललं, दांडी पुढे आली. सोडलं, पाइप मध्येच मुडपला आणि दांडी थिजली.

“काकू, तुमचं लिंबू या पाइपाचा गया दाबून राह्यलं! बुधवारपरेंत सुकून हलकं होते, म्हनून गाडी चालते.”

“माह्या लिंबाले नाव नोको ठेवू. तुहा पाइपच मरतुकडा हाय.”

दोघंही खरंच बोलत होते. पाइप जुना होऊन लिबलिबीत झाला होता. जहीर हसला, आशाबाई हसल्या. शेखरही हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं, “मंग ठिपका कुठी गेला?”

“कोनता ठिपका?”

 आशाबाईंनी शेखरकडे पाहिलं. शेवटी त्याला सांगावं लागलं.

“लाल? थो मी पेट्रोलनं पुसला,” जहीर म्हणाला. “मले वाटलं, कोठी रंग उडाला असन.” मग त्याचा आवाज उतरला. “म्हंजे माह्याकडं आनाच्या आधी तू निशानी लावून आनली.”

त्याने बॉनेट लावलं, किल्ली पुढे केली. “पाइप बदलून घे कोठीबी. साधं काम हाय.”

शेखरने किल्ली घेतली नाही. “राहू दे गाडी. तुले वाटन तवा आन. नाई वाटलं, त नोको आनू.” आणि आईला घेऊन तो एसटी स्टँडकडे चालता झाला.

मी बरेच दिवस ताडपत्रीखाली पडून होतो. आता जहीर मला विकतो, अशी माझी खात्री झाली होती. मीही शेखरच्याच गाडीतला ना, त्याच्यासारखाच संशयी! पण एके सकाळी जहीरने नवा पाइप बसवला आणि आम्ही निघालो. बोरगाव मंजू गेलं, मूर्तिजापूर गेलं. काटा रेघेखालीच राहिला. शेखरच्या दारात जहीरने गाडी उभी केली.

“बॉनेट उघडून पाह्य ना बे,” तो तिरकस म्हणाला.

“कायले?” शेखर म्हणाला, आणि त्याने घरात हाक मारली, “आई, जहीरचं ताट वाढ.”

मित्रांनो, आमचे रबरी पाइप तपासत जा. ते म्हातारे होतात आणि सांगत नाहीत. इंजिन, टर्बो, डबी, कशावरही संशय घ्या. आम्हाला उघडा, पुसा, पंप मारून बघा, आम्ही रागावत नाही. माणसाला मात्र आधी विचारा. माझ्यावरचा ठिपका पेट्रोलने निघाला होता. जहीर त्या दिवशी जेवला, पण पहिला घास घ्यायला त्याला फार वेळ लागला.