आडवा ऐन उभा राहिला

"उठला! ऐन उठला!"

सुरगाण्याच्या डोंगरातल्या आंबेमाळ गावची सगळी माणसं बेभान होऊन ओरडत होती. मे महिन्याच्या वादळानं मुळासकट आडवं केलेलं ऐनाचं झाड फांद्या छाटताच, कुणी हात न लावता, करकरत उभं राहिलं होतं. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकी टेकली. वादळानंतर गावात उतरलेले वृक्षनाथ महाराज झाडासमोर हात पसरून गरजले, "ओम मूळ, ओम धूळ! ऊठ बाळा, आई बोलावते!" बाळ पन्नास वर्षांचं होतं, पण तेवढा हिशेब करायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

शेवटची फांदी कापणारी करवत हातात धरून पुंजा तिथंच उभा होता. तीस वर्षं वनमजूर म्हणून राबलेला माणूस, आता गावाच्या वनसमितीचा अध्यक्ष. झाड का उठलं हे त्या माळावर दोघांनाच ठाऊक होतं. महाराजांना आणि पुंजाला.

नोकरीत असताना पेठच्या बाजूला त्यानं असाच एक पडलेला साग उठताना पाहिला होता. सोबतच्या मजुराचा पाय मुळांखाली सापडून कायमचा गेला होता. पुंजा बोलायला तोंड उघडणार, तोच महाराजांनी त्याचा हात उंच धरला. "या हाताला यश आहे! आजपासून हा पुंजा नव्हे, पुंजाबाबा!"

माणसं त्याच्या पाया पडायला लागली. जन्मभर 'ए पुंजा, इकडं ये' एवढंच ऐकलेल्या त्या माणसाला ते सुख सोडवेना. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. पुढचे बारा दिवस तो रोज हेच म्हणत राहिला.

त्या बारा दिवसांत जंगलाची दुर्दशा झाली. समितीची सचिव हर्षाली, गावातलीच शिकलेली मुलगी. वादळानंतर तिनं रान पायी फिरून आखणी केली होती. मधेच मोडलेली झाडं बुंध्याशी कापायची, म्हणजे खोडाला फुटवे येतील. कललेली, अर्धी मुळं जमिनीत असलेली झाडं जगतील, त्यांना हात लावायचा नाही. बारीक फांद्या उतारावर आडव्या टाकायच्या, म्हणजे पावसात माती वाहणार नाही. तीन वर्षं तिथं शेळ्या सोडायच्या नाहीत.

"तुझं जंगल तीन वर्सांनी, म्हाराजांचं तीन दिवसांत!" गावातली म्हातारी लंकाबाई सगळ्यांसमोर तिला म्हणाली, आणि लोक हसले.

मग महाराजांच्या सांगण्यावरून कललेली जिवंत झाडंसुद्धा बोडकी झाली. बहुतेक उठलीच नाहीत. "गावात कुणाची तरी श्रद्धा कमी पडते," महाराज म्हणायचे, आणि जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघायचा. सागाच्या जाडजूड फांद्या होमासाठी म्हणून टेम्पोतून जात होत्या. होम कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही.

हर्षालीनं पुंजाला एकदा गाठलं. "काका, तुम्ही सगळी हयात जंगलात काढलीत. झाड असं कसं उठतं?"

"देवाची करणी, पोरी," पुंजा तिच्याकडे न बघता म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

तेराव्या दिवशी महाराजांनी आडवं पडलेलं मोहाचं मोठं झाड उठवायचं ठरवलं. लंकाबाईची नात वैष्णवी सारखी तापानं आजारी असायची. "तिला मुळांच्या खड्ड्यात बसवा. धरणीमाता ताप ओढून घेईल. मी हाक मारली की बाहेर काढा," महाराजांनी सांगितलं. सहा वर्षांची पोर नारळ मांडीवर घेऊन खड्ड्यात बसली. शेंड्याकडे महाराजांचे चेले फांद्या उतरवू लागले.

महाराजांचा मंत्र अजून रंगात यायचा होता, तेवढ्यात पुंजाला मुळांशी माती भेगाळताना दिसली.

"पोरीला काढा!" तो ओरडला आणि कुणी हलायच्या आत स्वतःच धावला. दंड धरून त्यानं तिला बाहेर खेचली. मोह उठला. दणका देऊन खड्डा मिटला. नारळ आतच राहिला.

"पाहिलंत? मातेनं लेकरू परत दिलं!" महाराजांनी सावरून घेतलं. कुणीतरी जयजयकार सुरू केला.

"गप बसा!" पुंजा म्हणाला. "मातेनं नाय, म्या काढली. ह्यात चमत्कार नाय. झाड पडलं तरी एका बाजूची मुळं तुटत नाय, वाकतात. त्यांच्यासंगं मातीचा मोठा गड्डा वर येतो. शेंड्याचं वजन झाडाला आडवं दाबून ठेवतं. फांद्या काढल्या की वजन गेलं. मग मातीचा भार आन वाकलेली मुळं खोडाला मागं ओढतात. येवढंच."

"तुला कधीपासून ठावं हाय?" लंकाबाईनं विचारलं. नात तिनं छातीशी घट्ट धरली होती.

"पहिल्या दिसापासून."

लंकाबाईनं त्याच्याकडे पाठ फिरवली. दगड मारले असते तर पुंजाला बरं वाटलं असतं.

"हा पाखंडी आहे! मंत्राशिवाय उठवून दाखव म्हणावं!" महाराज किंचाळले.

"दाखवा, काका," हर्षाली शांतपणे म्हणाली. पलीकडे एक ऐन मुळासकट आडवा होता, एका बाजूची मुळं तुटून उघडी पडलेला, वाचण्यापलीकडचा, म्हणून कापायचाच ठरलेला. तिनं सगळ्यांना लांब उभं केलं. पुंजानं बाजूला उभं राहून करवत चालवली.

"लंकाबाई, मंत्र नको. झाडाला शिव्या घाला," हर्षाली म्हणाली.

लंकाबाईनं घातल्या. ठेवणीतल्या घातल्या. झाडाला घातल्या की महाराजांना, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटची मोठी फांदी पडली आणि शिव्या खात खात ऐन उभा राहिला.

कुणी टाळी वाजवली नाही. महाराज पळायच्या बेतात होते; त्यांचा टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला, तसे लोक धावले आणि त्यांनी तो रस्त्यातच अडवला. हर्षालीनं पोलिसांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पुंजानं अध्यक्षपद सोडलं. मान वर न करता तो बोलला, "म्हाराजाला तुमी भुलला, त्यात तुमचा दोष थोडा. वादळानं समद्यांचं काळीज फाटलं व्हतं. माजा दोष मोठा. मला ठावं असून म्या गप बसलो, मोठेपणासाठी. आता हात जोडून सांगतो. नवल दिसलं तर आधी त्याच्या मुळाशी काय हाय ते बघा, खोदून इचारा. आन ज्याला ठावं हाय त्यानं लगेच तोंड उघडावं. उद्या म्हनू नका."

लंकाबाई उठली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. "उद्या रानात फांद्या आडव्या टाकायच्यात," ती म्हणाली. "तुला उताराची जाण हाय. सकाळी ये."