रिकामी चढाई

यवतला मुलींच्या कबड्डी स्पर्धा होत्या. तळेगाव ढमढेऱ्याच्या संघात मोनाली चढाईला जायची. तिची चुलत बहीण रश्मी गुणलेखकांच्या टेबलावर बसून प्रत्येक चढाई मोबाइलवर नोंदवत होती. सर्वोत्तम चढाईपटूला जिल्ह्याच्या शिबिरात थेट जागा होती.

उपांत्य सामना संपल्यावर मोनालीनं तिला गाठलं. "रश्मीताई, मी कितवी?"

"दुसरी. दौंडची सविता पुढं हाय. गुण तुझे जास्त हायेत, पण नंबर यशस्वी चढायांच्या टक्केवारीवर लागतो, तिथं मार खातीस."

"का?"

"गुण न घेता परत आलीस की ती चढाई हुकलेली धरत्यात."

"पण वेळ काढायला मॅडमच सांगतात."

"ते मोबाइलला कसं कळनार?"

अंतिम सामना दौंडशीच होता. शेवटची चढाई उरली तेव्हा तळेगाव एका गुणानं पुढं होतं. प्रशिक्षक अनुपमा मॅडम म्हणाल्या, "निदानरेषा ओलांड, नाहीतर बाद ठरशील, आणि परत ये. कुणाला हात लावायला जाऊ नकोस."

"मॅडम, ही पन हुकलेली मोजतील."

"माहीत आहे. जा."

मोनाली गेली. सविता कोपऱ्यातून पुढं सरकली, अगदी हाताच्या टप्प्यात. मोनालीचा हात उचललाही गेला. मग तिनं तो आवरला आणि उलट्या पावलांनी मध्यरेषेवर आली. शिट्टी झाली. मुली नाचायला लागल्या. रश्मीनं 'रिकामी' हे बटण दाबलं.

चषक तळेगावला आला, शिबिरातली जागा सविताला मिळाली.  त्यानंतर मोनाली सरावाला आली नाही.

अनुपमा मॅडम निवड समितीतल्या तात्याबांना भेटल्या आणि त्यांना ती शेवटची चढाई सांगितली. म्हातारा स्वतः खेळलेला. ते म्हणाले, "नियम जाहीर केला व्हता. आता बदलता यायचा न्हाई. पन शिबिराच्या उरलेल्या जागांसाठी शिरूरला खुली चाचणी हाय. पोरीला आना."

चाचणीआधी तात्याबांनी मोनालीला विचारलं, "सविताला हात लागला असता का गं?"

"लागला असता तात्या."

"मग?"

"तिनं पाय धरला असता तर बरोबरी झाली असती."

तात्याबांनी मान हलवली आणि तिला मैदानात पाठवलं. संध्याकाळी नावं वाचली, त्यात राखीव खेळाडूंत मोनालीचं होतं. मॅडमकडं जाऊन ती एवढंच म्हणाली, "उद्या सरावाला कवा येऊ?"