मधुसूदनाने म्हातारीचं मडकं उघडलं

पहिली चूक माझीच होती. खेळाने विचारलं, नायकाचं नाव काय ठेवायचं, आणि मी देवाचं नाव दिलं.

त्याचं असं झालं. आम्ही लखनौला राहतो. माझी मुलगी रुचा इथल्या कपूरथला भागातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसली होती. पुण्यातल्या एका नव्या कंपनीला गोष्टीवर चालणारे व्हिडिओ गेम करायचे होते आणि त्यासाठी गोष्टी लिहिणारी माणसं हवी होती. रुचाला दुसरं काही नकोच होतं. उठता-बसता तेवढ्या एका जागेचा जप. अर्जासोबत त्या लोकांनी एक विचित्र वस्तू मागितली होती. कधीही असा खेळ न खेळलेल्या घरातल्या एका माणसाने त्यांनी सांगितलेला खेळ शेवटपर्यंत खेळावा आणि आपलं खरं मत कागदावर लिहून द्यावं. तिने आधी ह्यांना विचारलं. हे एअरफोर्समधून निवृत्त झालेले. म्हणाले, स्कूटरला किक मारतानाच मला धाप लागते, राक्षस कुठून मारू?

राहता राहिले मी.

"तू झूठ नहीं बोलेगी, इसलिए तू ही ठीक है," रुचा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

चातुर्मासात मी दरवर्षी काही ना काही सोडते. वांगं, कांदा, लसूण तर असतंच. त्या वर्षी खोटं बोलणं सोडलं होतं. वांग्यापेक्षा ते फार जड जातं. शेजारच्या मिश्राइन नवी साडी नेसून कशी दिसते विचारायला आल्या की मला तुळशीला पाणी घालायची आठवण व्हायची.

श्रावणातला बुधवार होता. पूजा आटोपली होती, कहाणी वाचायची बाकी होती. लाइट आहे तोवर सुरू कर म्हणून रुचाने मला खुर्चीत बसवलं. पडद्यावर काळोख झाला, एक म्हातारा आवाज इंग्रजीत सांगू लागला की एका नगरीत एक राजा होता, त्याचे सात मुकुट चोरीला गेले. मी मिरजेला इंटरपर्यंत शिकले आहे, हळूहळू सांगितलं तर इंग्रजी कळतं. राजा, नगरी हे शब्द कानावर पडले आणि माझा हात सवयीने तबकाकडे गेला. चिमूटभर अक्षता उचलून मी मूठ मिटली.

ही दुसरी चूक. आमच्याकडे अक्षता हातात घेऊन ऐकायला लागलेली कहाणी मध्ये सोडत नाहीत. संपली की अक्षता देवाला वाहायच्या, मग उठायचं. रुचा म्हणाली, ये तो चालीस घंटे की कहानी है आई. पण अक्षता उचलल्या त्या उचलल्या. स्टीलच्या छोट्या डबीत त्या घालून ठेवल्या, आणि रोज दुपारी दीड-दोन तास डाव्या मुठीत अक्षता, उजव्या हातात माउस, अशी मी बसू लागले.

नायकाचं नाव मी मधुसूदन लिहिलं. राजासाठी वणवण करणारा मुलगा आहे, चांगलं नाव असावं, एवढंच मनात होतं. मधुसूदन पहिल्या गावात शिरला. तिथे एका झोपडीत एक म्हातारी, त्याला लहानाचं मोठं केलेली. समोर उभं राहिलं की ती विचारायची, जेवलास का बाळा? उत्तर द्यायची सोयच नव्हती. मी सगळी बटणं दाबून पाहिली. रुचा म्हणाली, इसमें जवाब नहीं होता, कोने में मटका है वो खोल. मी खोललं. पडद्यावर अक्षरं आली: मधुसूदनाला मांसाचा तुकडा मिळाला.

ऐन श्रावणात. देवाचं नाव. आणि विचारणाऱ्या म्हातारीच्या देखत तिच्याच घरातली चोरी. मी उठून चूळ भरून आले.

त्या दिवसापासून रोज तेच. मधुसूदन कुणाच्याही घरात चपला घालून शिरायचा, पेट्या उघडायचा, औषधं, तलवारी, जे मिळेल ते काखोटीला मारायचा आणि घरातली माणसं शेजारी उभी राहून त्याला पावसापाण्याचं सांगायची. तेही एकच वाक्य. दहादा विचारा, दहादा तेच. गावोगावची माणसं मिठाच्या बरणीसारखी जागच्या जागी उभी. आमच्या अलीगंजमधला भाजीवाला भैयासुद्धा रोज वेगळं काहीतरी बोलतो, आणि त्याला तर माझ्याकडून फक्त तोरई, म्हणजे आपली दोडकी, खपवायची असते.

मारण्याचं तर विचारू नका. मोठं व्हायचं असेल तर मारायचं, दुसरा रस्ता नाही. दोन दिवस मी मधुसूदनाला झाडाझाडांतून लपवत फिरवला, एका जिवाला हात लावू दिला नाही. पुलावर एक लांडगा बसला होता. तो हलेना. रुचा म्हणाली, इसे मारे बिना पुल पार नहीं होगा, मैं मार दूँ? मी नको म्हटलं. हातात अक्षता माझ्या, पाप तिच्या माथी कशाला? मीच बटण दाबलं. लांडगा मेला, वर आनंदाची तुतारी वाजली. त्या तुतारीची जितकी किळस आली तितकी लांडग्याच्या रक्ताचीही आली नाही.

मग राजा भेटला. त्याने विचारलं, माझ्या कामाची शपथ घेतोस? खाली हो आणि नाही असे दोन शब्द. मला तो राजा आवडला नव्हता. मी नाही दाबलं. राजा म्हणाला, नीट विचार कर. शपथ घेतोस? पुन्हा नाही. नीट विचार कर. शपथ घेतोस? मी एकोणीस वेळा नाही म्हटलं. रुचा मागे उभी राहून हसत होती. तीस वर्षं मी व्रतं करते आहे. संकल्प सोडताना हातावर पाणी घेते ते माझ्या मनाने. नाही म्हणायची मोकळीक नसेल तर ती शपथ कसली? विसाव्या वेळी मी हो दाबलं, कारण मुठीत अक्षता होत्या. राजाच्या दरबारात फुलं उधळली गेली.

मधुसूदन कुठेही गेला तरी मी त्याला अधूनमधून त्या पहिल्या गावात परत आणायची. म्हातारी विचारायची, जेवलास का बाळा? मी मडक्याला हात न लावता त्याला बाहेर काढायची. खेळाच्या दृष्टीने ह्या फेरीला काही अर्थ नव्हता.

अर्ध्यावर ते गाव जळालं. कथेतच तसं होतं. मी म्हातारीला बाहेर काढायला धावले. झोपडीचं दार उघडेना. मागे जाऊन, जिथे खेळ साठवून ठेवला होता तिथून पुन्हा आले. मग नदीकडून. मग आगीच्या आधीच दारात उभी राहिले. अकरा वेळा. काही केलं तरी गाव जळायचं आणि मधुसूदन टेकडीवर उभा राहून एकच वाक्य बोलायचा की मी सूड घेईन. तिच्या जेवणाचं उत्तर दिलं नाहीस, आणि सूड घेणार?

त्या दिवशीच्या संध्याकाळबद्दल पुढे सांगते.

खेळ पुढच्या पंधरवड्यात संपला. मधुसूदन स्वतःच राजा झाला. ढीगभर नावं वर सरकत गेली, मग पडदा पुन्हा पहिल्या जागी आला: नवा खेळ सुरू करायचा का? लांडगा पुन्हा पुलावर, मांस पुन्हा मडक्यात. ऐकणाऱ्याला काय मिळालं, कुणाचं भलं झालं, काहीच सांगितलं नाही. अक्षता मला देवासमोर वाहवेनात. असल्या कहाणीच्या अक्षता कुठल्या तोंडाने वाहू? डबी तशीच राहिली.

मग मी मत लिहिलं. चार पानं, मराठीत. चोरी, मांस, तुतारी, शपथ, सगळं. किळस हा शब्द सात वेळा आला, मी खोडला नाही. ह्यांनी वाचून सांगितलं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, दोन ओळी गोड लिहिल्यास तर देव रागावणार नाही. मी म्हटलं, देवाचं मी बघते.

रुचा त्याचं इंग्रजी करायला बसली. तासाभराने तिचा कागद मी हातात घेतला तर एकच पान. माझी चार पानं एका पानात कशी मावली? वाचलं तर किळस कुठेच नव्हती. लांडगा नव्हता. राजाच्या शपथेबद्दल लिहिलं होतं की हा प्रसंग आईला लक्षवेधी वाटला.

"आई, ये उनका मनपसंद गेम है. तभी तो यही भेजा है," रुचा म्हणाली. "थोड़ा मीठा कर दूँ?"

मी नाही म्हटलं.

"थोड़ा मीठा कर दूँ?"

नाही.

"थोड़ा-सा?"

"राजासारखं करू नकोस," मी म्हटलं.

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. पुण्याची जागा गेली असंच तिने धरलं होतं, ते मला दिसत होतं. मीही तसंच धरलं होतं. तरी मी तो कागद तिच्यासमोर ठेवून तशीच बसून राहिले. तिने पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाली, "और जो तूने छोड़ दिया, वो?"

मला लगेच कळलं.

गाव जळालं त्या संध्याकाळी रुचा बाजारातून आली तेव्हा घरात काळोख होता. लाइट होते, मी लावले नव्हते. फक्त पडद्यावरची आग चालू होती आणि मी अकराव्यांदा दारात उभी होते. देवाजवळ दिवा नव्हता. लखनौला आल्यापासून सोळा वर्षांत, तापात, ह्यांच्या निवृत्तीच्या गडबडीतसुद्धा, माझी दिवेलागण कधी चुकली नव्हती. रुचाने पिशवी ठेवली, पाय धुतले, देवाजवळ दिवा लावला आणि मला एक अक्षर विचारलं नाही. वडिलांनाही सांगितलं नाही. आणि मी खरं मत लिहिताना ती संध्याकाळ गाळली होती. खोटं लिहिलं नव्हतं, फक्त गाळलं होतं. तिने तिच्या पानात केलं होतं तेच.

मी पाचवं पान घेतलं. त्यावर एवढंच लिहिलं:

"त्या म्हातारीला वाचवताना माझ्या घरचा दिवा लावायचा राहिला. खेळाची किळस येते तेवढीच मला माझीही आली. खेळ वाईट आहे. पण पुन्हा ती जागा आली तर मी बाराव्यांदा दारात उभी राहीन. तुम्ही असे खेळ करणार असाल तर त्या म्हातारीला उत्तर देता येईल एवढं करा."

रुचाने ते वाचलं. आपलं गोड केलेलं एक पान फाडलं, आणि पाचही पानांचं इंग्रजी जसंच्या तसं केलं, आता आठ झालेल्या किळसांसकट. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोस्टात जाऊन रजिस्टर करून आलो. घरी आल्यावर मी डबीतल्या अक्षता तुळशीच्या कुंडीत सोडल्या. कहाणीचा शेवट आता कुठे सांगून झाला होता, असं वाटलं.

उत्तर आश्विनात आलं. मुलाखतीला या. माझ्या पानांबद्दल चकार शब्द नाही. मला वाटतं त्यांनी ती वाचलीच नसतील. ह्यांना वाटतं, वाचली म्हणूनच बोलावलं. रुचा कुणाचीच बाजू घेत नाही, तिने बॅग भरायला घेतली.

गाडी संध्याकाळची होती. रिक्षा दारात उभी, हे बॅग घेऊन खाली गेलेले, रुचा बुटांच्या नाड्या बांधत होती. मी विचारलं, "जेवलीस का?"

"हाँ आई. दो रोटी."

"एकच खाल्लीस. ताटात दुसरी तशीच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, बूट काढले आणि पुन्हा पाटावर येऊन बसली. खाली हे रिक्षावाल्याला सांगत होते, बस दो मिनट, भैया.