आक्काचं अभिनंदन

तनुजा लातूरच्या कॉलेजात शिकवायची आणि ऊसतोड करणाऱ्या बायांच्या कैफियती गोळा करायची. त्यावरच जर्मनीत बोलायचं होतं. वकील मैत्रिणीनं बजावलं, तिकडं विमानतळावर लॅपटॉप उघडायला लावतात, कोरा घेऊन जा. तिनं नावं, फोटो, आवाज सगळं एका हार्ड डिस्कवर काढलं आणि लॅपटॉप पुसून टाकला. त्या कैफियतींत किल्लारीजवळच्या वाडीची धुरपताबाई होती. शेजारच्या मुकादमानं स्वतःच्या सुनेला पेटवलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पोलिसांत तो स्टोव्हचा भडका ठरला होता. "माझं नाव निघालं तर मला जित्ती ठिवायचे न्हाईत, बाई," ती म्हणाली होती. तनुजानं शब्द दिला होता.

डिस्क तिनं किल्लारीला भावाकडं, रविकांतकडं दिली. "कपाटात ठेव. कुणाच्या हाती देऊ नको." पासवर्ड काही घातला नाही. सख्ख्या भावापासून काय लपवायचं? एवढी शिकलेली बाई, पण इथं माती खाल्ली.

फ्रँकफर्टला अधिकाऱ्यानं लॅपटॉप खरंच उघडला. आत एक भाषण, बाकी काही नाही. त्यानं तो परत दिला. तनुजाला इतकं हलकं वाटलं की तिनं उभ्या उभ्याच कॉफी घेतली. तेवढ्यात रविकांतनं फोटो पाठवला.

आमच्याकडं ही लई वाईट हौस. कुणी परदेशी निघालं की चौकात फ्लेक्स लागलाच. दहा फुटी फ्लेक्सवर 'आक्कांना जर्मनी दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा', खाली गॉगल लावलेले रविकांतचे आठ मित्र. मधोमध तनुजा माईक धरून बसलेली, आणि समोर धुरपताबाई, डोळ्याला पदर लावून, सांगत असलेली.

तिनं भावाला फोन लावला.

"कसा झालाय, आक्का? बाकीचे फोटू सगळे सत्काराचे. डिस्कमधी हा कामाचा सापडला. लोक थांबून बघायलेत."

"काढ तो. आत्ताच्या आत्ता फाड."

"अगं, काल सकाळपासून हाय की."

धुरपताबाईचे तीन फोन येऊन गेले होते. तनुजानं तिला लावला. पलीकडं बाई हळू आवाजात बोलत होती, चिडलेली नव्हती.

"मुकादमाची मानसं दारात बसून हायेत, बाई. मी म्हनले, फोटूत मी रेशनकार्डाचं विचारीत व्हते. त्यांला पटलं न्हाई. पोरीला नांदेडच्या बसमधी बसवून दिलंय. आता तिलाच फोन करत जा. मला करू नगा."